दोन्ही पायांचा ब्रेमे

१९८६ च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना पेनल्टी शूटआउटपर्यंत गेला, तेव्हा पश्चिम जर्मनीच्या आन्द्रेआस ब्रेमेनं आपली पेनल्टी डाव्या पायानं मारली. चार वर्षांनी रोममध्ये, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ८५ व्या मिनिटाला त्यानं पेनल्टी मारली ती उजव्या पायानं. दोन्ही वेळा चेंडू जाळ्यात गेला. कधी फुटबॉल न खेळलेल्या वाचकाला यात नवल काय, असं वाटेल. उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलानं एका वर्षी बोर्डाचा पेपर डाव्या हातानं लिहावा आणि तपासणाऱ्याला अक्षरातला फरक ओळखू येऊ नये, तसं हे आहे. त्याचे प्रशिक्षक फ्रान्झ बेकेनबाउर सांगत, की इतकी वर्षं ओळखूनही हा माणूस मूळचा डावखुरा की उजवा, ते मला उमगलेलं नाही. बेकेनबाउर यांनी फुटबॉलमधलं सगळं पाहिलं होतं. खेळाडू म्हणून विश्वचषक जिंकला होता आणि पुढे प्रशिक्षक म्हणूनही जिंकला. त्यांना हा प्रश्न पडावा, यातच ब्रेमेची थोरवी आली.

मी कोल्हापूरचा. तरुणपणी आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघात लेफ्ट बॅक खेळायचो आणि पुढे शाळेत मुलांना फुटबॉल शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली. संघात डावखुरा कोणी नव्हता म्हणून मला डावीकडे उभं केलं होतं. उजव्या पायाच्या खेळाडूला डाव्या बाजूला खेळताना काय होतं, ते मी अंगावर घेतलेलं आहे. चेंडू घेऊन रेषेलगत पुढे जावं, तर क्रॉस मारायला डावा पाय लागतो. तो कच्चा असेल, तर थांबून चेंडू उजव्या पायावर घ्यावा लागतो आणि तेवढ्यात समोरचा बचाव जाग्यावर येऊन बसतो. प्रतिस्पर्ध्याला दोन-तीन वेळातच हे कळतं. मग तो तुमची आतली वाट अडवतो, बाहेरची मोकळी सोडतो आणि निवांत उभा राहतो. ब्रेमेसमोर कोणालाच असं निवांत उभं राहता आलं नाही. तो बाहेरून गेला तर डाव्या पायाचा क्रॉस यायचा, आत वळला तर उजव्या पायाचा फटका. समोरच्यानं कुठली वाट अडवायची?

हे वरदान नव्हतं, ही मेहनत होती. ब्रेमेचा जन्म ९ नोव्हेंबर १९६० चा, हॅम्बर्गच्या बार्मबेक भागातला. वडील बेर्न्ड ब्रेमे स्वतः फुटबॉल खेळलेले आणि नंतर प्रशिक्षक झालेले. त्यांनी मुलाला लहानपणापासून दोन्ही पायांनी खेळायला लावलं. ज्यांनी मुलं घडवली आहेत, त्यांना यातला त्रास ठाऊक आहे. पोराला गोल मारायचा असतो आणि तो भरवशाच्याच पायानं मारावासा वाटतो. त्याला रोज त्या दुबळ्या पायाकडे वळवायचं, चुकीचे फटके सहन करायचे आणि तरी सोडायचं नाही, याला बापाचाच चिवटपणा लागतो.

बार्मबेक-उलेनहोर्स्ट या मोहल्ल्यातल्या क्लबातून ब्रेमे पुढे आला. हा काही बड्यांचा क्लब नव्हे. शहरातला मोठा क्लब एचएसव्ही, आणि त्याच्यासाठी ब्रेमे कधीच खेळला नाही. मोटार मेकॅनिकचं रीतसर शिक्षणही त्यानं घेतलं होतं. १९८० मध्ये तो दुसऱ्या श्रेणीतल्या झारब्र्युकनला गेला आणि वर्षभरातच कायझर्सलाउटर्ननं त्याला उचललं.

कायझर्सलाउटर्न हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून थोडं सांगतो. जर्मनीच्या नैऋत्येकडचं हे एक लहान शहर. पण १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीनं पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघात या एका क्लबचे पाच खेळाडू होते आणि कर्णधार फ्रिट्झ वाल्टरही इथलाच. स्टेडियम बेट्झेनबर्ग नावाच्या टेकडीवर आहे आणि आज त्याला वाल्टरचंच नाव आहे. मोठमोठे संघ या टेकडीवर यायला कचरत. १९८१ ते १९८६ अशी पाच वर्षं ब्रेमे इथं खेळला आणि इथूनच १९८४ मध्ये राष्ट्रीय संघात गेला.

त्या काळचा जर्मन बचाव आजच्यासारखा चौघांच्या सरळ रांगेचा नव्हता. सर्वांत मागे एक मोकळा बचावपटू, लिबेरो. १९९० मध्ये ते काम क्लाउस आउगेनथालरकडे होतं. त्याच्या पुढचे दोघे प्रतिस्पर्धी आघाडीवीरांना सावलीसारखे चिकटून राहायचे. दोन्ही कडांना एकेक खेळाडू, त्यांच्याकडे आख्खी बाजू सोपवलेली. आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत, बचावही त्यांचा आणि हल्लाही त्यांचाच. ब्रेमे डाव्या कडेचा मालक होता. तो फार वेगवान नव्हता, अंगापिंडानंही धिप्पाड नव्हता. पण पुढे कधी जायचं आणि घरात कधी थांबायचं, याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. शिवाय फ्री किक आणि कॉर्नर त्याच्याकडे असत. डाव्या पायात जोर जास्त आणि उजव्यात अचूकपणा जास्त, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता. एरवी डाव्यानं धडका देणारा हा माणूस पेनल्टीला उजवा पाय का काढायचा, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

१९८६ च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध नवव्या मिनिटाला त्याची फ्री किक गोलरक्षक ज्योएल बात्सच्या हातांखालून आत गेली. प्लातिनीचा तो संघ स्पर्धेत सर्वांत देखणा खेळत होता, त्याला जर्मनीनं घरी पाठवलं. अंतिम सामना आपल्याकडे सगळ्यांना आठवतो तो मॅराडोनाच्या पासवर बुरुचागानं मारलेल्या गोलामुळे. अर्जेंटिना ३, पश्चिम जर्मनी २. त्या दोन गोलांकडे मात्र कोणी बघत नाही. जर्मनी दोन गोलांनी मागे होती, सामना हातातून गेलेला होता आणि अखेरच्या वीस मिनिटांत लागोपाठ दोन गोल झाले. पहिला रुमेनिगेचा, दुसरा रुडी फोलरचा. दोन्ही कॉर्नरवरून, आणि दोन्ही कॉर्नर ब्रेमेचे. नाव गोल करणाऱ्याचं लागतं. पण अस्टेकासारख्या महाप्रचंड मैदानात, हरत असताना, पाय दमलेले असताना नेमक्या जागी दोनदा चेंडू टाकणं हे बचावपटूच्या खात्यावर मांडलं गेलं पाहिजे.

बायर्न म्युनिककडे तो दोनच मोसम होता. १९८७ मध्ये तिथं लीग जिंकली आणि त्याच वर्षी व्हिएन्नात युरोपियन चषकाची अंतिम लढत पोर्तोविरुद्ध गमावली. १९८८ च्या युरो स्पर्धेत इटलीविरुद्ध एक मजेशीर गोल त्याच्या नावावर आहे. तेव्हाच्या नियमानुसार गोलरक्षकाला चेंडू हातात धरून चारपेक्षा जास्त पावलं टाकता येत नसत. वाल्टर झेंगानं टाकली, पंचांनी शिट्टी वाजवली आणि पेनल्टी क्षेत्रात मिळालेल्या त्या अप्रत्यक्ष फ्री किकवर ब्रेमेनं बरोबरी साधली. थोड्याच दिवसांत तो झेंगाच्याच क्लबात, इंटर मिलानमध्ये दाखल झाला.

त्या वेळी जगातलं सर्वांत कठीण फुटबॉल इटलीत खेळलं जात होतं. एका संघाला तीनच परदेशी खेळाडू घेता येत, त्यामुळे प्रत्येक संघ जगातून निवडून आणायचा. मॅराडोना नापोलीत, हुलिट आणि फान बास्टेन मिलानमध्ये. इंटरनं बायर्नकडून लोथार माटेउस आणि ब्रेमे अशी जोडी आणली. जोवान्नी ट्रापाटोनी यांच्या हाताखाली १९८८-८९ च्या मोसमात इंटरनं ३४ सामन्यांत ५८ गुण मिळवले. विजयाला दोनच गुण असत त्या काळी, म्हणजे ६८ पैकी ५८. अठरा संघांच्या लीगमधला हा विक्रम होता. हरले ते फक्त दोन सामने. बचावाचं माहेर असलेल्या देशात जाऊन एका जर्मन बचावपटूनं मान मिळवला. १९९१ मध्ये इंटरनं युएफा चषक जिंकला, त्या संघातही तो होता.

१९९० च्या विश्वचषकात नशिबानं एक साथ दिली. पश्चिम जर्मनीचे पहिले पाचही सामने मिलानच्या सान सिरो मैदानावर झाले. माटेउस, ब्रेमे आणि एव्हाना इंटरमध्ये आलेला युर्गेन क्लिन्समन या तिघांचं ते रोजचं घर. तिथंच २४ जूनला नेदरलँड्सची गाठ पडली. हा सामना आठवला की लोकांना फ्रांक रायकार्ड फोलरवर थुंकला ते आठवतं. बाविसाव्या मिनिटालाच दोघेही लाल कार्ड घेऊन बाहेर गेले. क्लिन्समननं त्या दिवशी आयुष्यातला सर्वोत्तम खेळ केला आणि पहिला गोल मारला. दुसरा ब्रेमेचा, आणि मला तो पेनल्टीपेक्षा शंभरपट आवडतो. पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कोपऱ्यावर चेंडू त्याच्याकडे आला. लेफ्ट बॅक तिथं पोचला की क्रॉस मारतो, हे बचाव करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. ब्रेमेनं चेंडू उजव्या पायावर घेतला आणि आतल्या बाजूनं वळवून लांबच्या कोपऱ्यात पाठवला. जोर काढला असं वाटतसुद्धा नाही. फान ब्रोइकेलेनसारखा कसलेला गोलरक्षक झेपावला, पण चेंडू त्याला वळसा घालून आत शिरला होता. लेफ्ट बॅकच्या उजव्या पायाची किंमत मुलांना समजावून सांगायची झाली की मी हाच गोल दाखवायचो.

उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध त्याची फ्री किक भिंतीतून पुढे धावलेल्या पॉल पार्करला लागून उंच उडाली आणि चाळीस वर्षांच्या पीटर शिल्टनच्या डोक्यावरून जाळ्यात उतरली. हा नशिबाचा गोल होता. पण पुढे शूटआउटमध्ये जर्मनीकडून पहिला पुढे आला तो ब्रेमेच, आणि तिथं नशिबाचा प्रश्न आला नाही. बरोबरीचं दडपण पहिल्या माणसावर असतं, कारण मागून येणाऱ्यांचे पाय तो स्थिर करतो किंवा डळमळीत करतो. जर्मनीच्या चारही पेनल्टी आत गेल्या.

८ जुलैचा अंतिम सामना आपल्याकडे दूरदर्शनवर रात्री साडेअकराला सुरू झाला. आमची गल्ली झाडून मॅराडोनाची होती. कोल्हापुरात विश्वचषकाच्या वेळी अर्जेंटिना आणि ब्राझील सोडून तिसऱ्या देशाचा झेंडा शोधावा लागतो. मी मात्र त्या तीन नंबरच्या जर्मन खेळाडूकडे डोळे लावून बसलो होतो. सामना म्हणून तो भिकार झाला, हे खुल्या मनानं मान्य करतो. अर्जेंटिनाचे महत्त्वाचे खेळाडू बंदीमुळे बाहेर होते, मॅराडोनाच्या अंगाला गीडो बुखवाल्ड चिकटलेला. उत्तरार्धात पेद्रो मोन्झोनला लाल कार्ड मिळालं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हाकलला गेलेला तो पहिला खेळाडू.

८५ व्या मिनिटाला सेन्सिनीच्या आव्हानात फोलर पडला आणि मेक्सिकोचे पंच एदगार्दो कोदेसाल यांनी पेनल्टी दिली. माझ्या मते ती पेनल्टी फार सढळ हातानं दिलेली होती. अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी पंचांना घेरलं, हुज्जत घातली, बराच वेळ खेळ थांबला. खरं तर पेनल्टी माटेउसनं मारायची. उपांत्यपूर्व फेरीत चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्यानंच मारली होती. पण पूर्वार्धात त्याचा बूट फाटला होता, मध्यंतरात नवा चढवला होता आणि त्या नव्या बुटावर त्याचा विश्वास बसेना. कर्णधार असूनही तो मागे सरला. यात कमीपणा मुळीच नाही. देशाच्या विश्वचषकापेक्षा आपलं नाव मोठं नाही, एवढं त्याला कळत होतं. चेंडू ब्रेमेकडे आला. फोलरनं जवळ येऊन सांगितलं, हा आत गेला की आपण जगज्जेते.

समोर सेर्जिओ गोयकोचेआ. पहिल्या पसंतीच्या पुम्पिदोचा पाय मोडल्यामुळे संघात आलेला हा गोलरक्षक युगोस्लाव्हिया आणि इटली अशा दोन शूटआउटमध्ये पेनल्टी अडवून अर्जेंटिनाला अंतिम फेरीत घेऊन आला होता. त्या महिन्यात जगात पेनल्टी ओळखणारा त्याच्याहून मोठा माणूस नव्हता. ब्रेमे उजव्या पायानं मारायला आला. चेंडू जमिनीलगत, ब्रेमेच्या डाव्या हाताच्या खांबाकडे. गोयकोचेआनं दिशा बरोबर ओळखली होती. वेळेवर झेपावला, पूर्ण लांब झाला, आणि तरीही चेंडू बोटं आणि खांब यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून आत गेला. तिथं जोर कामाचा नव्हता. थोडी जरी जागा हुकती, तर चेंडू खांबाला किंवा हाताला लागता. बार्मबेकमध्ये वडिलांनी घटवून घेतलेल्या दोन पायांपैकी अचूक पाय कोणता, हे त्या माणसाला त्या गोंगाटातही नक्की माहीत होतं. १-० असा सामना संपला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकही गोल करू न शकलेला अर्जेंटिना हा पहिला संघ ठरला. पश्चिम जर्मनीचाही हा शेवटचा विश्वचषक. तीन महिन्यांत दोन्ही जर्मनी एक झाल्या. त्या वर्षीच्या बॅलन डी'ओरच्या मतदानात माटेउस पहिला, इटलीचा स्किलाची दुसरा आणि ब्रेमे तिसरा आला. बचावपटूला तिसरं स्थान मिळणं ही तेव्हाही दुर्मीळ गोष्ट होती.

१९९२ च्या युरोत फोलर जखमी झाल्यावर कर्णधारपद ब्रेमेकडे आलं आणि अंतिम सामन्यात डेन्मार्कनं सगळ्या जगाला चकित केलं. त्यानंतर स्पेनमध्ये रेआल सारागोसाकडे एक मोसम. १९९४ च्या विश्वचषकानंतर त्याची राष्ट्रीय कारकीर्द ८६ सामने आणि ८ गोलांवर थांबली.

इथं बहुतेकांचे लेख संपतात. माझ्या लेखी ब्रेमे इथून पुढे अधिक मोठा होतो.

१९९३ मध्ये तो कायझर्सलाउटर्नला परतला. जगज्जेता खेळाडू, पस्तिशीकडे झुकलेला. १८ मे १९९६ ला मोसमाचा शेवटचा सामना लेव्हरकुसनमध्ये होता. जिंकणारा दुसऱ्या श्रेणीत घसरण्यापासून वाचणार होता; बरोबरी लेव्हरकुसनला पुरेशी होती. पावेल कुकानं कायझर्सलाउटर्नला पुढे नेलं. आठ-नऊ मिनिटं उरली असताना मार्कुस म्युन्खनं बरोबरी केली. १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाल्यापासून कधीही खाली न गेलेला क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला. योगायोग असा, की समोरच्या संघात फोलर होता आणि तो त्याचा निरोपाचा सामना होता. रोममध्ये पेनल्टी मिळवणारा एक आणि मारणारा दुसरा, असे हे दोन मित्र टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि ब्रेमे फोलरच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. त्याला बोलता येईना. जर्मनीत ते दृश्य त्या पेनल्टीइतकंच लोकांच्या मनात आहे.

आठवडाभरातच त्याच संघानं कार्ल्सरूहेला हरवून जर्मन चषक जिंकला. पण ब्रेमेच्या पुढे प्रश्न वेगळा होता. वय ३५, घरात विश्वचषकाचं पदक, इटलीत नाव. तो सहज बूट काढून ठेवू शकला असता. तो थांबला आणि दुसऱ्या श्रेणीत खेळला. प्रशिक्षक म्हणून ओटो रेहागेल आले. त्यांना त्याच वसंतात बायर्ननं काढून टाकलेलं. १९९७ मध्ये कायझर्सलाउटर्न दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन वर आला. नव्या मोसमाचा पहिलाच सामना म्युनिकमध्ये, बायर्नविरुद्ध; तो १-० नं जिंकला. लोकांनी त्याला अपघात म्हटलं. मे १९९८ मध्ये तोच संघ बुंडेसलिगाचा विजेता होता आणि बायर्न दुसरा. मिखाएल बालाक त्या संघातलं कोवळं पोर होता. ब्रेमे त्या वर्षी मोजकेच सामने खेळला, पण ज्या क्लबला बुडताना पाहून तो रडला होता, त्याच क्लबचा विजेता म्हणून सदतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. वर आलेल्या संघानं पहिल्याच वर्षी बुंडेसलिगा जिंकणं, हे तिथं आजवर पुन्हा घडलेलं नाही.

प्रशिक्षक म्हणून त्याचा फार जम बसला नाही. कायझर्सलाउटर्नला त्यानं २००१ मध्ये युएफा चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं, उंटरहाखिंगमध्ये काही काळ काढला, स्टुटगार्टमध्ये जुने गुरू ट्रापाटोनी यांचा सहायक झाला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी म्युनिकमध्ये हृदयक्रिया बंद पडून तो गेला. वय ६३. बेकेनबाउर त्याच्या दीड महिना आधी गेले होते. दोघांच्याही बातम्यांत १९९० ची रात्र होती. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ब्रेमेला चार ओळी मिळाल्या आणि त्या चारही ओळी पेनल्टीवर होत्या.

जर्मनीचा सर्वोत्तम लेफ्ट बॅक कोण, असा वाद निघाला की जाणकार पाउल ब्राइटनरचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. तो उजव्या पायाचा, पण तोही डावीकडे खेळला आणि १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानंही पेनल्टीवर गोल केला. पण ब्राइटनर लवकरच मधल्या फळीत गेला. ब्रेमेनं जवळपास दोन दशकं मुख्यतः तीच कडा सांभाळली, जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये सांभाळली आणि दुसऱ्या श्रेणीतही तितक्याच मनानं सांभाळली. माझं मत ब्रेमेला.